पन्हा सांगायचा राहिला

४ मार्च

सकाळी मेल उघडली तर संस्थेचं पत्र. फार गोड भाषेत होतं, तेव्हाच समजले की काहीतरी वाईट आहे. दुकानात गिऱ्हाईक "बाई, तुमच्या हाताला तोड नाही" म्हणत आत आलं की ब्लाउज बिघडलाय हे मी न बघता सांगायची, त्यातलाच प्रकार.

पुढेमागे नातवंडं ही वही उघडतील, म्हणून नीट लिहिते. 'बेतणी' म्हणजे तयार कोडच्या तुकड्यांची पेटी. शिंप्याच्या पेटीत कात्री, खडू, टेप असतो तशी. ती घेऊन ज्याला त्याला कपड्यांचे नमुने संगणकावर काढायचा आपापला प्रोग्रॅम जुळवता येतो. फुकट, आणि आतलं सगळं उघडं. गावच्या विहिरीसारखं: हवं त्याने पाणी भरावं, जमेल त्याने गाळ काढावा. पाणी भरणारे पुष्कळ होते. गाळ काढायला आता मी आणि कुलूप, दोघंच उरलो आहोत.

कुलूप हे काही त्याचं खरं नाव नव्हे. नवी आवृत्ती बाहेर सोडायच्या चाव्या त्याच्याकडे असतात म्हणून मीच ठेवलेलं. आम्ही कधी एकमेकांना पाहिलेलं नाही. माझं शिवणाचं दुकान होतं हे कळल्यापासून तो मला बाई म्हणतो.

ज्या संस्थेच्या छपराखाली बेतणी राहते ती म्हणते, यंदापासून दर वर्षी जूनअखेरपर्यंत निदान एका नव्या माणसाने केलेलं काम आत जाऊ द्या. नाहीतर पेटी काचेच्या कपाटात. बघता येईल, हात लावता येणार नाही. संगणक तर दर काही वर्षांनी कात टाकतात. जिला टाका घालता येत नाही ती पेटी उसवतच जाणार. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांचे कपडे बेतणारी एक बाई आहे. बसलेल्या अंगाचे नमुने तिला दुसरं कोणी काढून देत नाही, तिचं सगळं बेतणीवर उभं आहे. तिला काय सांगू?

यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग आण की एखादा नवा माणूस." यांचा जन्म बेकरीच्या भट्टीवर गेला. माणूस कमी पडला की दारात उभं राहून हाक मारायची, एवढंच यांना ठाऊक.

७ मार्च

कुलपाचं उत्तर आलं. दोन ओळी. "बाई, नवे लोक येतात आणि दारातूनच परत जातात. अगदी नवशिक्यासाठी असं आपल्याकडे काही लिहिलेलंच नाही."

नाही कसं? 'सुरुवात इथून' असं ढळढळीत पान आहे. त्यावर एप्रनचं उदाहरण आहे. त्या चार ओळी चालवल्या की पडद्यावर एप्रन येतो. याहून सोपं काय करायचं, घास चावून भरवायचा?

खरं सांगायचं तर हल्लीच्या लोकांना चिकाटीच नाही. मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने कॉलरच्या कोपऱ्यातली चूक दाखवली. म्हणाली, मी दुरुस्त करून बघू का? म्हटलं, तू कशाला त्रास घेतेस, पोरी. चहा निवायच्या आत करून दिली. पुन्हा फिरकली नाही. त्याआधी एक निवृत्त मास्तर आले होते, त्यांचंही तसंच. बाहीचा घेर चुकतोय म्हणाले, त्याच दुपारी चोख करून दिला. साधे आभार मानून गेले ते गेलेच.

माझ्या वेळी कोण होतं शिकवायला? गिऱ्हाइकाने टाकून दिलेला संगणक, आणि दुकान बंद झाल्यावर मी. पडत-झडत शिकले.

१२ मार्च

तरी कुलपाचं म्हणणं कुसळासारखं टोचत राहिलं. पान नव्याने लिहायला घेतलंय. पण कोणावर तरी बेतून बघायला हवं. सूनबाईला म्हटलं, "तू बस माझ्याजवळ, मी सांगते तसं कर."

ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर बोलू?"

"बोल."

"तुम्ही शिकवायला बसलात की मला येत होतं तेही विसरायला होतं."

"अगं, मी काय खाते तुला?"

"खात नाही हो. हातातून घेता. मला पडद्याची शिवण शिकायची होती, आठवतं? शिकवणी सुरू झाली तेव्हा कापड माझ्या हातात होतं आणि संपली तेव्हा पडदा खिडकीला लागला होता."

"छान बसला होता पण पडदा."

"छानच बसला," ती म्हणाली आणि हसली.

कसली ही तक्रार! काम झालं की नाही? बोलता बोलता ती साल फार जाड काढत होती. मी सुरी घेतली आणि उरलेले सोलून टाकले. तिला तेवढाच आराम.

२५ मार्च

गुडघा. दोन दिवस नुसती पडून होते. डोळ्यांनाही आता पडद्यावरची ओळ दुहेरी दिसते. कधी कधी वाटतं, जाऊ दे कपाटात. दुकान बंद केलं तेव्हा नाही का शटर ओढलं एकदाचं. पण दुकानाला शटर तरी होतं. याला ओढायचं तर कुठून ओढायचं?

३ एप्रिल

हे तयार झाले. म्हणजे तयार केले. सूनबाईने तिच्या ऑफिसातून निकालात काढलेला एक लॅपटॉप आणून दिला, आतून धुऊन पुसून कोरा. यांना म्हटलं, "पानावर लिहिलंय तसंच करायचं. मी शेजारी बसते."

हे चष्मा लावून बसले, जणू पासपोर्टचा फोटो काढायचाय. एक एक अक्षर बोटाने टोचत चारही ओळी टाकल्या. चालवल्या. पडदा पांढराफटक.

"झालं का?" हे म्हणाले.

"नाही. एप्रन दिसायला हवा."

"मला तर चादर दिसतेय."

"काहीतरी चुकलं असेल तुमचं."

परत टाकल्या. परत पांढरं. मी प्रत्येक अक्षर तपासलं, बरोबर होतं. हे म्हणाले, "पाव करपला तर वास तरी येतो गं. तुझ्या या पडद्याला वास पण नाही. काय चुकलं ते माणसाला कळणार कसं?"

माझ्याने राहवेना. यांच्या हाताखालून हात घातला, एक शब्द टाकला, चालवलं. एप्रन हजर.

"हे काय केलंस?"

"काही नाही, पन्हा सांगितला. कापडाची रुंदी."

"ते पानावर कुठे लिहिलंय?"

"लिहायचं काय त्यात? पन्हा विचारल्याशिवाय कापड कोण बेतेल?"

"मी," हे म्हणाले. "आत्ताच बेतलं की."

हे उठून चहा टाकायला गेले, जाताना म्हणाले, "तुझ्या जुन्या मशीनवर कसा दिसतो मग?"

तेच तर! बेतणीला पन्हा एकदा सांगितला की ती त्या यंत्रावर तो कायमचा लक्षात ठेवते. आम्ही जुन्या मंडळींनी तो केव्हाच सांगून ठेवलाय, तोंडी, एकमेकांना विचारून. नव्या यंत्रावर पन्हा शून्य. शून्य रुंदीच्या कापडावर एप्रन काढला तर दिसणार काय, कपाळ! आणि आमच्यापैकी कोरं यंत्र कोणी घेतलेलंच नाही. आम्ही सगळे शिवणारे, कापणारे. आम्हीच पन्हा विचारायला विसरलो.

४ एप्रिल

चर्चेचं जुनं पान चाळलं. "पडदा पांढरा दिसतोय." "काहीच येत नाही." "माझं काही चुकतंय का?" वेगवेगळी माणसं, वेगवेगळी वर्षं. खाली उत्तर माझंच: "इथे तर नीट दिसतंय."

जास्त वाचलं नाही.

६ एप्रिल

कुलपाला पन्ह्याचं कळवलं. मला वाटलं, हसेल किंवा चिडेल. त्याचं उत्तर: "अच्छा. इतकी वर्षं. मला वाटायचं लोकांना आता हे नकोच आहे." एवढंच. पुढे टिंबं.

कुलपाला गंज चढलाय. पूर्वी पानभर लिहायचा, बाहीच्या गोलाईवरून माझ्याशी भांडायचा, मग हार मानून एखादा विनोद धाडायचा. आता विचारलं तेवढंच. लोक यशाने बदलतात म्हणतात, हा माणूस कशाने बदलला देव जाणे.

१५ एप्रिल

नवी पद्धत यांनीच काढली. म्हणाले, "तू शेजारी बसलीस की माझं डोकं बंद पडतं. तू आतल्या खोलीत बस. मी अडलो की वाटीवर चमचा वाजवतो. तू यायचं, मी कुठे अडलो ते ऐकायचं, आणि तोंड उघडायचं नाही. जे सांगावंसं वाटेल ते पानावर लिही. मी पानावर वाचीन."

"तोंड न उघडता कसं व्हायचं?"

"मला काय माहीत? चाळीस वर्षं मीही हाच प्रश्न विचारतोय."

पहिल्या दिवशी घरात देवळासारखी घंटा चालू होती. 'फाइल जपून ठेवा' लिहिलं तर हे विचारतात कुठे ठेवू, कपाटात? 'चालवा' म्हणजे काय? 'डावीकडची बाजू' म्हणजे माझी डावी की एप्रनची? हा प्रश्न ऐकून मी हसले आणि मग हसू जिरलं. एप्रनची. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

चार पानं झाली. माझ्या डोक्यात ते सगळं एका ओळीचं होतं.

२८ एप्रिल

आज चमचा वाजलाच नाही. वाटलं जमलं. बाहेर येऊन पाहिलं तर हे लॅपटॉपसमोर मान टाकून झोपलेले. पण पडद्यावर एप्रन होता, आणि त्याला यांनी स्वतःहून दोन बंद जोडले होते. एक लांब, एक आखूड.

सरळ करायला हात पुढे गेला होता. पण लॅपटॉपवर यांचा हात पडलेला होता आणि उठवावंसं वाटलं नाही.

९ मे

नवं पान मागच्या आठवड्यात धाडलं होतं. कुलपाने आज, चार दिवसांनी, ते सगळ्यांना दिसेल असं लावलं. लिहितो, "बाई, पान चांगलं झालंय. मी वीस वर्षांचा असताना हे असतं तर. जूननंतर मी जरा थांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो."

लिहिलं, थांबा की, कोणाला सुट्टी नको असते? डोंगरात जा, हवा खा. त्याने 'ठीक'चं अंगठ्याचं चित्र धाडलं.

२२ मे

पान पाहून जातायत लोक, आकडा दिसतो. काम मात्र कोणी पाठवलेलं नाही. सूनबाई म्हणाली, "आई, बाबांच्याच नावावर एक ओळ टाका ना. नवे आहेत की ते."

दिवसभर मन घोटाळलं. नियमात बसतं. यांनी खरोखर कामही केलंय. कुलपाला विचारलं. तो म्हणाला, "बसतं नियमात. मी आत घेतोही. पण बाई, पुढच्या वर्षी कोणाला बसवायचं?"

यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "बरोबर बोलतोय. शेजारच्याचा पाव आपल्या खिडकीत ठेवून दुकान चालत नाही." मग जरा थांबून, "बाकी मला नाव मिळालं असतं, ते एक राहिलं."

११ जून

आलं! एका अनोळखी बाईचा निरोप, चर्चेच्या पानावर:

"तुमच्या पानावरून पहिल्या फटक्यात एप्रन आला. पण खिसा उलटा आहे. तोंड खाली. यात किल्ल्या ठेवल्या तर पायावर पडतील. हे मुद्दाम आहे का?"

धावत जाऊन पाहिलं. उलटाच आहे. किती वर्षं कोण जाणे. आम्ही ते उदाहरण कधी डोळे उघडून पाहिलंच नव्हतं. मी आणि हे पोट धरून हसलो. पांढऱ्या पडद्याच्या पुढे पोचून कोणीतरी तक्रार केली हो! यापेक्षा गोड तक्रार मी दुकानातही ऐकली नाही.

खिसा म्हणजे एका चिन्हाचं काम. अधिकाचं उणे करायचं. बसले आणि केलं. पाठवण्याआधी कुलपाला आनंदाने कळवलं: "खिसा सरळ केला, आत्ता पाठवते."

त्याचं उत्तर लगेच आलं. एवढ्यात पहिल्यांदाच लगेच.

"बाई, हात लावू नका."

आणि मागोमाग: "जे कोणी काही दाखवायला आलं, त्याचं काम तुम्ही चहा निवायच्या आत करून दिलंत. त्यांना करायला काही उरलंच नाही. मलाही पूर्वी बाहीत पुष्कळ करायचं होतं. राग मानू नका. हा खिसा तिला द्या."

मानायचा नाही तर काय करायचा? मदत केली त्याचं हे फळ. म्हणजे आता चांगलं शिवणं हाही गुन्हा. उत्तर दिलं नाही. जेवणही गोड लागलं नाही.

१२ जून

रात्रभर रागावून झालं. आज माझी दुरुस्ती पुसून टाकली. तयार काजाबटणाचा सदरा उसवावा तसं वाटलं. त्या बाईला लिहिलं: खिसा अमुक फाइलमध्ये आहे, वरून अमुक ठिकाणी. मुद्दाम नाही, चूक आहे. तुम्ही सरळ करून पाठवाल का? कुठे अडलात तर विचारा.

बास. आणखी दहा ओळी लिहिल्या होत्या, त्या काढल्या.

१९ जून

काही नाही.

२३ जून

काही नाही. खिसा तसाच उलटा लटकलाय आणि मी रोज जाऊन बघून येते, जसं काही आपोआप सरळ होईल. मला तो सरळ करायला जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा जास्त वेळ हातावर हात ठेवण्यात जातोय. हे जास्त दमवतं, कोणाला सांगून पटणार नाही.

खुर्चीवाल्यांचे कपडे बेतणाऱ्या बाईने विचारलंय, "जुलैनंतर काय होणार?" लिहिलं, अजून जून आहे.

यांना म्हटलं, "तिला एक आठवण करू का?"

"कणीक भट्टीत सरकवली की दार सारखं उघडायचं नसतं."

"आणि फुगलीच नाही तर?"

"तर नाही फुगली. दार उघडून तर नक्कीच नाही फुगत."

२६ जून

कुलपाने चाव्या पाठवल्या. नवी आवृत्ती सोडायचे शब्द, क्रम, सगळं नीट लिहून. इतकं नीट की आमच्या चमच्याच्या पद्धतीने लिहिल्यासारखं. "एकाच माणसाकडे असणं बरं नव्हे," म्हणतो. "आता तुमच्याकडेच राहू द्या."

चला, विश्वास तर बसला माझ्यावर. सुट्टीवरून आला की देईन परत.

२९ जून

तिने पाठवलं.

आधी माफी मागितली आहे, घरात आजारपण होतं म्हणे. मग काम. एका चिन्हाऐवजी तिने खिशाचा प्रत्येक कोपरा हाताने मोजून नवा मांडलाय. एवढासा खिसा आणि केवढी ही खटपट! धावदोऱ्यावर धावदोरा. आणि खिसा सरळ झालाय खरा, पण किंचित डावीकडे सरकलाय. एप्रनच्या डावीकडे.

माझी बोटं शिवशिवली. कुलपाला विचारलं, "असाच घ्यायचा?"

"चाव्या तुमच्याकडे आहेत."

वाटलं होतं, हा तरी सांगेल. खुर्चीत बसून राहिले. हे मागे येऊन उभे राहिले, पडदा पाहिला. माझ्या खांद्यावर हात ठेवला तो चांगला जड होता, भट्टीवाल्याचा.

घेतला. तसाच, सरकलेला. संस्थेला कळवलं, त्यांचं गोड भाषेतलं उत्तर आलं, आणि या खेपेला बातमीही गोड होती. आणखी एक वर्ष.

कुलपाला लिहिलं: "झालं. आता जा डोंगरात." त्याने लिहिलं, "सांभाळा, बाई. तुमच्याबरोबर काम करताना मजा आली." भलताच औपचारिक होतो कधी कधी. आठ-पंधरा दिवसांत येईलच.

मी थकले होते, लॅपटॉप मिटणार होते, तोच त्या खिसेवाल्या बाईचा निरोप आला:

"घेतलंत! खरंच घेतलंत? घरात सगळ्यांना दाखवलं. आता सांगा, आणखी काय काय उलटं आहे?"

मी उत्तर लिहायला घेतलं. बाहीची गोलाई, कॉलर, कमरेची चूण, बारीक अंगाला बगलेत पडणारी घडी, प्रत्येक गोष्ट कुठे आहे, का बिघडली, कशी दुरुस्त करायची. पान भरलं. वाचलं. मग सगळं पुसलं आणि एवढंच ठेवलं:

"पुष्कळ आहे. बाहीपासून बघा. काय दिसतं ते मला सांगा."